साहेब आला, साहेब आले

मराठीत आदर दाखविण्याचे काम पुष्कळदा वचनाकडे सोपविलेले असते. माणूस एकच असतो; तो मोठा असला, की क्रियापद अनेकवचनी होते. हे आपण शाळेत शिकतो आणि पुढे विसरूनही जातो, कारण जिभेला ते आपोआप साधते. ‘साहेब’ ह्या शब्दाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. तो दोन्ही वचनांत चालतो आणि वचन बदलले की माणूसच बदलतो. ‘साहेबांनी अर्ज परत पाठविला’ ह्या वाक्यातील साहेब म्हणजे मामलेदार, प्रांत, अभियंता, बँकेचा व्यवस्थापक. थोडक्यात, आपल्यातलाच कोणी अधिकारी. ‘साहेबाने घाटात रस्ता काढला’ ह्या वाक्यातील साहेब म्हणजे इंग्रज. मराठी ज्याची मातृभाषा आहे, त्याला ह्या दोहोंमधला फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘साहेबाच्या देशात’ म्हटले की विलायत, आणि ‘साहेबांच्या घरी’ म्हटले की सरकारी वसाहतीतील बंगला. अनुस्वाराच्या एका टिंबाने एवढे अंतर कापले जाते.

प्रस्तुत लेखात ह्या टिंबाचा थोडा विचार करावयाचा आहे. इंग्रज माणसासाठी मराठीने वेळोवेळी कोणते शब्द योजले, हा विषय कोशकारांना नवा नाही. परंतु त्या शब्दांबरोबर आदर कसा दिला गेला, कसा राखून ठेवला गेला आणि पुढे कोणाकडे वळविला गेला, ह्याचा हिशेब कोशात मांडलेला नसतो. तो बोलण्यात असतो, आणि काही वेळा दगडातही असतो.

दगडाचा उल्लेख मुद्दाम केला. मी ज्या परिसरात राहतो आणि शिकवितो, त्या जुन्नर तालुक्यात परक्या माणसाला मराठी मुलखाने काय म्हटले, ह्याचा फार जुना पुरावा डोंगरात कोरलेला आहे. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून सातव्या लेण्यातील गिरिजात्मजाच्या दारात उभे राहिले, की खाली कुकडीचे पात्र, समोर शिवनेरी आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे जुन्नरभोवतीच्या टेकड्या दिसतात. ह्या टेकड्यांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. पदव्युत्तर वर्गाला प्राकृत आणि मराठी ह्यांचे नाते शिकविताना फळ्यापेक्षा हा डोंगर अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. डोंगराच्या नावांतही भाषेचे थर आहेत. भाविकांसाठी हा लेण्याद्री किंवा गणेश लेणी. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटियरात ह्याच डोंगराला सुलेमान टेकडी म्हटले आहे. एका डोंगरावर गणपती आणि सुलेमान अशी दोन नावे सुखाने नांदलेली पाहिली, म्हणजे शब्दांच्या शुद्धाशुद्धतेविषयीचा आपला आग्रह थोडा सैल होतो.

लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाच्या पुत्राने, सुलसदत्ताने, दान दिल्याचा लेख आहे. कल्याणचा माणूस येथे कसा आला, ह्याचे उत्तर नाणेघाटात आहे. कोकणातील बंदरांतून निघालेला माल त्या घाटाने वर चढे आणि जुन्नरला येई. मालाबरोबर माणसेही येत. त्यांतील काहींना येथील लोक ‘यवन’ म्हणत. जुन्नरच्या लेणीसमूहात अशा तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. मानमोडीच्या डोंगरातील एका चैत्याच्या दर्शनी भागावर चंद नावाच्या यवनाचा लेख आहे. तो दर्शनी भाग त्याने दिला. हे लोक मूळचे ग्रीक होते, की आणखी कोणी, ह्यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. इरिल आणि चिट ह्यांच्या नावापुढील ‘गत’ हा शब्द काहींनी थेट युरोपातील गॉथ लोकांपर्यंत नेऊन भिडविला. मला त्या वादात शिरावयाचे नाही. माझे लक्ष त्या लेखांच्या व्याकरणाकडे आहे.

चंदाच्या लेखात ‘यवनस चंदानं’ अशी शब्दरचना आहे. ‘यवनस’ ही षष्ठीची एकवचनी रूपे आपल्या ओळखीची आहेत. ‘चंदानं’ मात्र अनेकवचनी आहे. चंद तर एकच. तेव्हा हे अनेकवचन आदरार्थी आहे, असे वाचणे सर्वांत सरळ ठरते. प्राकृतात अशी रीत होतीच. मग ह्या दोन शब्दांत एक चमत्कारिक विभागणी झालेली दिसते. त्याच्या जातकुळीचा, परकेपणाचा शब्द एकवचनात राहिला आहे आणि नाव अनेकवचनात गेले आहे. आदर यवनाला नाही. आदर चंदाला आहे. वर्गातील विद्यार्थ्यांना मी हे दाखवितो तेव्हा त्यांना प्रथम ती कोरणाऱ्याची चूक वाटते. परंतु क्षणभर विचार केला, की ही रीत किती समंजस आहे ते लक्षात येते. माणूस कोणत्या गटातून आला हे सांगावे, पण मान द्यावयाचा तो त्याच्या नावाला द्यावा.

यवन हा शब्द नेहमी इतका सुदैवी राहिला नाही. मुळात तो आयोनियाच्या ग्रीकांचा. इराणी ‘यौन’ ह्या रूपाच्या वाटेने तो आपल्याकडे आला. पाणिनीला तो ठाऊक आहे आणि अशोकाच्या लेखांत तो ‘योन’ ह्या रूपात येतो. जुन्नरपासून फार दूर नसलेल्या नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. तिच्या पुत्राने, गौतमीपुत्र सातकर्णीने, शक, यवन आणि पल्हव ह्यांचा नाश केला, असे त्यात अभिमानाने म्हटले आहे. त्याच डोंगरात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या ‘योणका’ने लेणे खोदविल्याचा लेखही आहे. एकाच डोंगरात एक यवन दाता आहे आणि दुसरे यवन निर्दाळलेले शत्रू आहेत. फरक एवढाच, की दात्याला नाव आहे आणि शत्रूंना नाही. पुढे मध्ययुगीन मराठीत यवन हा शब्द मुसलमानांसाठी रूढ झाला आणि बखरींत तर तो समूहवाचकच होऊन बसला. त्यामुळे खरोखरीच पश्चिम समुद्रावरून, चंदाच्याच वाटेने, पुन्हा परके लोक आले तेव्हा हा शब्द मोकळा नव्हता. भाषेला नवी नावे शोधावी लागली.

संस्कृत पंडितांनी जुन्या पोतडीतून ‘हूण’ काढला. सतराव्या शतकातील वेंकटाध्वरीच्या ‘विश्वगुणादर्शचंपू’त मद्रासकडील युरोपीय लोकांना हूण म्हटलेले आढळते. मराठीने मात्र पंडितांची वाट पाहिली नाही. तिने पोर्तुगीजांना फिरंगी म्हटले. हा फ्रँक लोकांचा शब्द अरब आणि इराणी व्यापाऱ्यांच्या तोंडून येथे पोहोचला होता. युरोपातून येणाऱ्या सरळ पात्याच्या तलवारीला फिरंग हे नाव पडले आणि नव्या गुह्यरोगाला वैद्यांनी फिरंगरोग म्हटले. अशा शब्दाला तुच्छतेचाच वास असणार, असे वाटेल. पण जुन्नरहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या चाकणच्या किल्ल्याने १६६० साली शायिस्ताखानाला जवळजवळ दोन महिने झुंजविले. त्याच्या किल्लेदाराचे नाव फिरंगोजी नरसाळा होते. त्याच जिल्ह्यात कुरकुंभला फिरंगाई देवीचे स्थान आहे. मुलाच्या आणि देवीच्या नावात जो शब्द बसतो, तो केवळ शिवी म्हणून घरात आलेला नसतो.

‘इंग्रज’ हे नावदेखील इंग्रजांनी आपल्याला सांगितलेले नाही. ते पोर्तुगीजांच्या तोंडचे रूप आहे. वलंदेज, फरासीस, दिनमार हीही त्याच मुशीतील. म्हणजे इंग्रजाचे नाव मराठीला त्याच्या व्यापारातील प्रतिस्पर्ध्याकडून कळले. १६७५ साली जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला होता. त्याने आपल्या ग्रंथात ह्या गावाचे आणि शिवनेरीचे वर्णन केले आहे. त्या काळी येथल्या बाजारात इंग्रज हा औषध देणारा, कापड घेणारा, नजराणा घेऊन उभा राहणारा माणूस होता. त्याला कोणी साहेब म्हणावे, असे त्याच्यापाशी काही नव्हते.

कारण ‘साहेब’ ही पदवी तेव्हा दुसऱ्यांची होती. मूळ अरबीत ‘साहिब’ म्हणजे सोबती, सहचर; पैगंबरांच्या सोबत्यांना सहाबा म्हणतात ते ह्याच धातूवरून. फारसी दरबारात सोबत्याचा धनी झाला आणि मराठीने तो धनी म्हणूनच स्वीकारला. शिवाजी महाराजांच्या आज्ञापत्रांत राजा स्वतःचा उल्लेख ‘साहेब’ असा करतो. मासाहेब, आईसाहेब, नानासाहेब, रावसाहेब ही नाती आणि नावे त्याच वळणाची. त्या पत्रांतील साहेब रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असे आपल्या माणसांना बजावणारा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. शब्दात सत्ता होती आणि सत्तेबरोबर येणारी जबाबदारीही होती.

ह्याच काळात युरोपीय व्यापाऱ्यांसाठी मराठीने एक अस्सल घरगुती शब्द घडविला : टोपीकर. पागोटे, पगडी, मुंडासे बांधणाऱ्या समाजाने टोपी घालणाऱ्याला दिलेले हे नाव. त्यात धर्म नाही, वर्ण नाही, देशही नाही. डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांविषयी जो इशारा दिला, तो मराठी गद्यातील राजकीय समजुतीचा एक उत्तम नमुना आहे. हे लोक सावकार खरे, पण इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राज्यकर्ते आहेत. त्यांना मुलखात शिरण्याचा लोभ आहे आणि हाती आलेले स्थळ ते सोडणार नाहीत. म्हणून किनाऱ्यावर त्यांना पक्की जागा देऊ नये, असा त्या विवेचनाचा आशय आहे. टोपीखालचे डोके अमात्यांनी नीट ओळखले होते. पुढे पेशवाईच्या उत्तरार्धातील पत्रव्यवहारात हा शब्द वारंवार येतो आणि त्यातील कुतूहल ओसरून सावधपणा वाढत गेलेला दिसतो. मोल्सवर्थच्या कोशानेही (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) टोपीकर नोंदला. एका टोपीकराने मराठी शास्त्र्यांच्या मदतीने स्वतःच्या जातीचे मराठी नाव आपल्या कोशात लिहून ठेवावे, हा वाङ्मयेतिहासातील एक छोटासा विनोदच होय.

टोपीकरांपैकी एकाला मराठीने मात्र फार आगळे नाव दिले. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर चालून आली. तीतील कॅप्टन स्टुअर्ट हा शूर अधिकारी कार्ल्याजवळ मारला गेला. मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. मानाजी शिंद्यांना लाभलेली फाकडा ही पदवी त्यांनी शत्रूला दिली आणि नावाचा उच्चार आपल्या जिभेला बसेल असा करून घेतला. वडगाव मावळला त्याचे थडगे आहे आणि लोक त्यापुढे नमस्कार करीत आले आहेत. ज्या कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दाने कोरलेली आहेत, त्याच परिसरात दीड हजाराहून अधिक वर्षांनी एका परक्याला पुन्हा नावाने मान मिळाला, हे मला अर्थपूर्ण वाटते. इष्टुर फाकडा ‘पडला’, असे आपण एकवचनात म्हणतो. ते एकवचन पोवाड्यातील नायकाचे आहे. विठोबा उभा आहे, आई आली, ह्यांतही एकवचनच असते. तेव्हा मराठीतील एकवचन म्हणजे अनादर, असे सरसकट म्हणता येत नाही. त्यात जवळीकही असते. साहेबाच्या एकवचनात ती आहे काय, हा पुढचा प्रश्न.

१८१८ साली जुन्नरच्या परिसरातील किल्ले इंग्रजांच्या हाती गेले आणि त्याबरोबर साहेब ही पदवीही गेली. टोपीकर मागे पडला. टोपी आता ओळखीची खूण राहिली नव्हती. हुकूम ही ओळख झाली होती. येथे एक भेद पाहण्यासारखा आहे. इंग्रजाला नाव असले, की तो मराठीत अनेकवचनी होई. एल्फिन्स्टनसाहेब, कँडीसाहेब असे, असे म्हणत. जुन्नरजवळ हिवरे येथे औषधी वनस्पतींची बाग चालविणारे आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झालेले डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे ह्या भागातले असे एक नावाचे साहेब. पण नाव गळून पडले आणि नुसता साहेब उरला, की क्रियापद एकवचनात येई. साहेबाने मोजणी केली, साहेबाने सारा बसविला, साहेबाने आगगाडी आणली. मानमोडीच्या लेखातील विभागणी जणू आपोआप परतली होती : गटाला एकवचन, नावाला अनेकवचन.

माझी आजी लिहा-वाचायला शिकलेली नव्हती. तिच्या बोलण्यात ‘साहेब गेला तेव्हा तुझा बाप रांगत होता’ असे वाक्य कालगणनेसाठी येई. १९४७ हा आकडा तिला सांगता आला नसता. तिचे हे वाक्य ‘पटकी आली’, ‘दुष्काळ पडला’, ‘पूर ओसरला’ ह्या वाक्यांच्या पंगतीतले होते. त्यात द्वेष नव्हता आणि कौतुकही नव्हते. साहेब हा कोणी एक माणूस नव्हताच. तो पावसासारखा किंवा अवर्षणासारखा येऊन गेलेला एक प्रकार होता. आपण पावसाला आदरार्थी अनेकवचन लावीत नाही. साहेबाच्या एकवचनातील भाव जवळिकीचा नसून ह्या प्रकारचा आहे, असे मला वाटते. ज्याला नाव नाही, ज्याच्याशी बोलता येत नाही, ज्याचे बरेवाईट सोसावे लागते, त्याला बोलीने निसर्गाच्या व्याकरणात नेऊन बसविले. तोंडावर ‘साहेब’ म्हणून हात जोडले तरी घरी परतल्यावर क्रियापद खाली उतरत असे. जिंकलेल्या समाजाने आपल्यापाशी राखून ठेवलेली ही एक लहानशी मोकळीक होती.

लिखित मराठीत ह्या मोकळिकीची निरनिराळी रूपे दिसतात. विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्ये १८५७ च्या धामधुमीतील ‘गोरे’ येतात; तेथे वर्ण हीच ओळख आहे, कारण जीव वाचविताना दुरून तेवढेच दिसते. महात्मा फुल्यांनी मात्र ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) गोरे कामगार आणि भट कामगार असे शब्द एकमेकांशेजारी आणून ठेवले. कामगार म्हणजे सरकारी अंमलदार. ह्या शब्दयोजनेने साहेबाभोवतीचे वलय उतरते आणि त्याचा पगार, त्याचे आळसावलेले डोळे, त्याच्या हाताखालच्या माणसाच्या तंत्राने चालणारा कारभार दिसू लागतो. फुल्यांना साहेब गोरा आहे ह्याचे भय नव्हते आणि अप्रूपही नव्हते. तो कामगार म्हणून काम करतो की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. लोकव्यवहारातील शब्दांचा असा हिशेबी उपयोग मराठीत फार थोड्यांनी केला आहे. स्वातंत्र्यानंतर भय उरले नाही, तेव्हा साहेब विनोदाचाही विषय झाला. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’तील (१९६०) साहेब एकवचनीच आहे, पण त्या एकवचनात आता खेळीमेळी आली आहे.

दरम्यान दोन शब्दांच्या बाबतीत उलटापालट झाली होती. पहिली टोपीची. १९२० नंतर गांधीटोपी आली आणि घाटावरच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर ती स्थिरावली. आज जुन्नर-आंबेगावच्या आठवडे बाजारात टोपी घातलेला माणूस दिसला, तर तो येथला अस्सल जुना शेतकरी असतो. अमात्यांनी आज हा बाजार पाहिला असता, तर टोपीकर कोणाला म्हणावे असा त्यांना प्रश्न पडला असता. दुसरी मड्डमेची. साहेबाची बायको ती मड्डम. तीही एकवचनी, ‘मड्डम आली’. तोच शब्द नंतर शाळा-कचेऱ्यांतून पुन्हा एकदा आला, त्याचा उच्चार मॅडम झाला आणि क्रियापद अनेकवचनी झाले. ‘मॅडम आल्या’ म्हणजे आपल्या बाई, आपल्या तहसीलदार, आपल्या डॉक्टर. एकच शब्द दोनदा घरात आला. एकदा परका म्हणून, एकदा अधिकारी म्हणून.

साहेबाचेही तेच झाले. इंग्रज गेला, खुर्ची राहिली आणि खुर्चीबरोबर संबोधन राहिले. मराठी खेड्याने ह्या संबोधनाला नात्याचे अस्तर लावून घेतले, हे तिचे शहाणपण. तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेब झाले, मामलेदार रावसाहेब झाला. दुसऱ्या बाजूने, ज्या समाजाला शतकानुशतके कोणी साधे नावानेही धडपणे हाक मारली नव्हती, त्याने आपल्या नेत्याला बाबासाहेब म्हटले. बाप आणि धनी, दोन्ही अर्थ त्या एका नावात आले आणि ह्या शब्दाला शिवकाळानंतर प्रथमच एवढी उंची लाभली. साहेब हा शब्द मराठीने टाकून द्यावा, असे म्हणणाऱ्यांनी हे नाव आठवावे.

परंतु कचेरीच्या खिडकीपाशी ऐकू येणारा साहेब निराळा असतो. एका सरकारी कार्यालयात, ज्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, मी काही कामासाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी होते. सातबाऱ्यावर वारसाची नोंद व्हावयाची होती. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि आपल्या नातवाच्या वयाच्या कारकुनाला म्हटले, ‘साहेब, तेवढं बघा की.’ कारकुनाने मान वर न करता उत्तर दिले, ‘बाबा, सोमवारी ये.’ वाक्य उद्धट नव्हते. ‘बाबा’ हा शब्द तर नात्याचाच होता. पण एकाच संवादात वयाने मोठ्याला एकवचन आणि लहानाला अनेकवचन मिळाले आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. बाहेर आल्यावर ते गृहस्थ बरोबरच्या मुलाला म्हणाले, ‘साहेब सोमवारी या म्हणालेत.’ मला ह्या वाक्याने अधिक अस्वस्थ केले. कारकुनाचे ‘ये’ त्यांनी स्वतःच ‘या’ करून सांगितले होते आणि कारकुनाला पाठीमागेही अनेकवचन दिले होते. माझ्या आजीने इंग्रजाला ते दिले नव्हते.

येथे माझ्या मनातील प्रश्न उभा राहतो. परक्या सत्तेच्या काळात तोंडावरचा आदर आणि पाठीमागचे क्रियापद ह्यांत अंतर होते. त्या अंतरात माणूस मोकळा श्वास घेत होता. आपल्या माणसाच्या हाती सत्ता आल्यावर ते अंतर मिटले. ते विश्वासाने मिटले असेल, तर आनंदच आहे. पण खिडकीपाशी टोपी हातात घेणारा माणूस विश्वासाने बोलत होता, असे मला वाटले नाही. परक्याला निसर्गासारखे सोसता येते. आपल्या माणसाविषयी तसा तटस्थपणा राखता येत नाही. त्याच्याशी उद्या पुन्हा गाठ असते, तो कोणाचा तरी भाचा-पुतण्या असतो आणि भिंतीला कान असतात.

ह्या निष्कर्षाची पडताळणी करावी म्हणून एका वर्षी मी पदव्युत्तर वर्गाला एक छोटे काम दिले. आपापल्या गावी साहेब हा शब्द कोण, कोणाविषयी आणि कोणत्या वचनात वापरतो, ते आठ दिवस टिपून आणावयाचे होते. विद्यार्थ्यांनी आणलेल्या वाक्यांनी माझी निराशा थोडी कमी केली. नव्या परक्यांसाठी साहेब आता कोणीच वापरत नव्हते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पावर निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ येतात, लेण्याद्रीलाही परदेशी अभ्यासक येतात; मुले त्यांना ‘फॉरेनर’ म्हणतात. इंग्रजाला त्याच्याच भाषेतील परकेपणाचा शब्द मिळाला आहे, आणि त्याबरोबर भयही गेले आहे. अधिकाऱ्यांविषयीच्या वाक्यांत एक बारीक गोष्ट सापडली. साहेब खुर्चीवर असेपर्यंत अनेकवचनी असतो. बदली झाली, की पुष्कळदा ‘तो साहेब गेला, आता दुसरा आलाय’ असे एकवचन परत येते. मात्र काही थोडे अधिकारी बदली होऊन, निवृत्त होऊनही अनेकवचनातच राहिले होते. त्यांचा उल्लेख प्रत्येक वेळी आडनावासह होता. त्यांच्याविषयीच्या आठवणीही ठरावीक होत्या : टँकर वेळेवर आणला, पंचनाम्याला स्वतः बांधावर आले, म्हातारीला खुर्ची दिली. म्हणजे बोलीने आपला जुना नियम सोडलेला नाही. ती फक्त निकाल थोडा उशिरा देते.

अलीकडे शासकीय पत्रव्यवहारातील संबोधने बदलण्याविषयी अधूनमधून चर्चा होते. महोदय लिहावे की मान्यवर, साहेब म्हणावे की श्री., ह्यावर मतभेद होतात. शब्द बदलल्याने फार काही साधेल असे मला वाटत नाही. यवन, फिरंगी, टोपीकर, गोरा, साहेब असे शब्द बदलत गेले आणि प्रत्येक शब्द काही काळाने स्वतःच्या उलट अर्थाला जाऊन मिळाला. टिकून राहिली ती एक रीत. माणसाचा गट, हुद्दा, वेष, वर्ण ह्यांना जिभेने एकवचनात ठेवावे आणि त्याने काही दिले असेल, तर त्याचे नाव अनेकवचनात घ्यावे. पाण्याच्या दोन पोढी, एक भोजनमंडप, एका चैत्याचा दर्शनी भाग, ही त्या काळची देणी होती. मराठीच्या आजच्या अभ्यासकाने साहेब ह्या शब्दाची व्युत्पत्ती सांगताना अरबी धातू जरूर सांगावा. पण ‘सोबती’ हा त्याचा पहिला अर्थ तेवढ्याच आवर्जून सांगावा. खिडकीच्या अलीकडे उभा असलेल्याला आणि पलीकडे बसलेल्याला, दोघांनाही तो ऐकविण्याजोगा आहे.